नंदा आत्याचं वाक्य

हॅलो? कृतिका? शीट्स प्रिंटला दिल्यास?… नको देऊ. थांबव. अगं, त्या दुकानवाल्याला सांग, दोन मिनिटं थांबा म्हणून…

हो, आठला शटर पाडतो, माहितीये. उद्या दहाला कॉलेजात ज्युरीसमोर प्रोजेक्ट मांडायचाय, तेही माहितीये ना यार! ऐक तर.

कन्सेप्ट बदलायचाय.



अगं, ओरड, पण दुकानाबाहेर येऊन ओरड.

सगळा नाही. फक्त हॉलच्या मधला पांढरा चौक… हो, तोच, मिठागरावरून घेतलेला. हो, विनीत सरांना तोच आवडलेला. तीन दिवस मॉडेलला तू बसलेलीस, बोट कापून घेतलंस, सगळं मान्य…

नाही, आत्या चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

सर म्हणालेले ना, ज्युरीला आत्याला घेऊन ये, मिठागरात राबलेली बाई, तिच्याच तोंडून ऐकू? आणि पहिल्या शीटवर तिचं वाक्य आहे. 'मिठागर म्हणजे आमचं आभाळ'… कृतिका, ते तिचं नाहीये. मी लिहिलेलं. रिक्षाच्या लायनीत उभा असताना.

…हो. खोटं. तुलाही खोटंच सांगितलं. सॉरी.

पढवलं ना तिला! दुपारीच. म्हटलं, आत्या, उद्या कोणी विचारलं तर एवढंच बोल. लगेच हो म्हणाली… अगं ऐक ना, तेच तर! आता आत सुकट निवडत बसलीये आणि पाठ करतेय. मधेच थांबते, मला विचारते, 'आभाल कंदी बगला रं आमी? वर ऊन, खाली मीठ, डोलं मिटूनच काम.' आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. माझे मार्क जाऊ नयेत म्हणून. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग विचारलं मी, तुम्ही जेवायला कुठे बसायचात? सहा आठवडे झाले या प्रोजेक्टला, आणि मी आज विचारतोय!

सावलीच नव्हती गं. एक झाड नाही. ऊन कललं की एकीने उभं राहायचं, दुसरीने तिच्या सावलीत बसून भाकरी खायची. मग पाळी बदलायची. अठरा वर्षं… आणि आपण त्याच बायकांसाठी हॉल काढला, तर मधोमध काय? उघडा चौक. पांढरी लादी. म्हातारपणी परत उन्हात बसवतोय त्यांना.

काय?… हो. तू म्हणालेलीस. पहिल्याच आठवड्यात, मे महिन्यात इथे कोण बसणार म्हणून. आणि मी म्हटलं, तुम्ही फ्लॅटवाले, तुम्हाला गावातलं काय कळणार… आठवतंय. चुकलो.

सरांना मी सांगेन. मीच. वाक्य खोटं होतं म्हणून… हो, ग्रुपचे मार्क आहेत, तुझेही जातील, म्हणून तर विचारतोय. तू नाही म्हणालीस तर आहे तसं प्रिंट कर. पण मग आत्याला मी नेणार नाही.

…कृतिका?



काय उघडलंस?… फाइल? खरंच?

छप्पर. चौकावर छप्पर टाक, भिंतींपासून सुटं, मधून वारा जाईल असं… नाही, हलकंच. माउंटबोर्ड उरलाय ना? सातपर्यंत पोचतो, मॉडेलचं मी कापतो. तू बोट सांभाळ.

वाक्य? आभाळवालं काढ. त्या जागी लिही… 'एक उभी राहायची, दुसरी तिच्या सावलीत जेवायची.' खाली तिचं नाव. हो, हे तिचंच आहे. आईशप्पथ.

थांब, आतून हाक मारतेय… काय गं आत्या?

…

कृतिका, ती म्हणतेय, 'पाठ झाला, आता अडकनार नाय. बोलून दाखवू?'

ठेवतो मी.