पाण्यातली दगडी बाई

त्या दिवशी सकाळपासून पाऊस पडत होता, पण अगदी हळू, कुणाला उठवायचं नाही असा. आमच्या सखल वेलचेरीत पाणी तुंबायला तेवढंही पुरतं. आमच्या अंगणात पाणी चढलं आणि त्यात ती दगडाची बाई उभी. माझा रघू आर्किटेक्ट ना, घर बांधलं तेव्हा त्यानंच तिला घडवून आणलेली. पाण्यात ढग उतरले की मला वाटतं, ही ढगांतूनच चालत येतेय. कॉफीचा पेला घेऊन मी ओट्यावर बसतो आणि बघत राहतो. कॉफी निवून जाते.

रघू म्हणाला, "अप्पा, भिजून भिजून तिच्या पायांचे पापुद्रे निघतायत. उद्या माणसं बोलावतो. माझ्या गिंडीच्या ऑफिसात नेऊन ठेवू."

"राहू दे रे. ओळखीची झालीय."

"दगड आहे तो अप्पा, शेजारीण नव्हे."

मी हातातली निवलेली कॉफी पिऊन टाकली. शिकलेला मुलगा तो.

समोरच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या कामाक्षी मामींनी खिडकीतून सगळं ऐकलं होतं. साडी वर खोचून, पाणी तुडवत त्या आमच्या फाटकातून आत आल्या. आधी वाकून बाईचे पाय पाहिले, मग मला म्हणाल्या, "अय्यो मामा, हिच्या घोट्याला पाणी लागलं की आम्ही स्कूटर हलवतो, गुडघ्याला लागलं की फ्रिज खाटेवर चढवतो. ही गेली तर पावसात इथं तुमच्या रघूला उभं करू का?"