हरणांचा हरभरा

तुमी सारे हरणं हाकलायचं सांगून राह्यले बे, पण माह्या बाबायनं यंदा हरणं बोलावली.

सोनाळ्याच्या आमच्या वावरात चाळीस वर्सं टिनाचा डबा बडवून त्यायनं हरणं हाकलली. मंग साऱ्या शिवारात करंटच्या झटका मशिनीच्या तारा लागल्या अन् हरणं यायचीच बंद झाली. मले वाटलं, म्हातारा आता निवांत झोपन. पण बाबायले करमेचना. सोयाबीन निघाल्यावर त्यायनं वावराच्या कडेची, धुऱ्याजवळची तार सोडली अन् ओलीत हरभरा नुसता फेकला.

"बाबा, नांगर नाही, वखर नाही, असं कोणी पेरते काय?"

"हरीण काय सऱ्या पाहून चरते?"

हरभरा उगवला, त्याले घाटे लागले. बाबा रोज सकाळी खुरांचे ठसे पाहायले जात. एकही नाही.

परवा सकाळी वावरातून डब्याचा आवाज आला. हरणं आली म्हणून मी पळतच गेलो. पाहतो तं वावर रिकामं, अन् बाबा एकटेच डबा बडवून राह्यले.

"काऊन वाजवून राह्यले, बाबा? कोणी तं नाही इथं."

"हरणायले हा आवाज ओळखीचा हाये," बाबा म्हणे. "जिथं डबा वाजते, तिथं खायाले असते."