राखेला कोण उठवणार

मी मूळची पेडण्याची, लग्न होऊन सर्वणला आले ती इथलीच झाले. घोव लवकर गेला. भाजी पिकवायची, डिचोलीच्या बाजारात बसून विकायची, असं करून एकुलत्या एका उमेशला वाढवला. आणि त्याने काय केलं, तर कारखान्यात कामाला लागला आणि तिथली फिलोमिना बायको करून आणली. किरिस्तांव. गळ्यात हार घालून दोघं दारात उभी. काय सांगू तुम्हाला, मी दार उघडलं पण तोंड नाय उघडलं. पुढे बोलायचे तेही भिंतीकडे बघून. फिलू पाणी भर, असं कधी नाय, घरात पाणी नाय, असं.

मग उमेश गेला. वाळपईहून येताना मोटरसायकल घसरली आणि मागून ट्रक आला. मी डोकं आपटून रडत होते आणि ही त्याच्या पायाशी बसलेली, ओठ हलतायत, डोळ्यांत टिपूस नाय. बाराव्याला मी सगळ्यांसमोर विचारलं, गो, तुका रडूक येना? ती म्हणाली, येता आई. पूण तो सोंपूक ना. जेजून सांगलां, मेल्ले उठतले. आमकां तो परत मेळटलो.

असा संताप आला मला! उठतले म्हणे, तिच्या येशूने सांगितलं म्हणे, मेलेले उठणार आणि परत भेटणार. माझ्या या हातांनी त्याची राख नदीत सोडली, राखेला कोण उठवणार? हिच्या देवाने कानात गोष्ट सांगितली की हिचं दुःख संपलं, असं तिला तोंडावर बोलले. शेजारणी आल्या, म्हणाल्या, ती तुला बाटवणार, घालव तिला. त्यांनाही सुनावलं, माझ्या सुनेला शिव्या मी देईन, तुम्ही कोण? आणि आत येऊन तिला म्हटलं, ऊठ, म्हायेराक जा. ती म्हणाली, वचना. नाय जाणार, इतकंच म्हणाली आणि तांदूळ धुवायला लागली.

मी जेवण सोडलं. खाटेवरून उठेचना. ही कामावरून यायची, पेज करून आणायची, मी तोंड फिरवायचे, ती वाटी तिथेच ठेवून जायची आणि परत यायची, परत तोच घोट पुढे करायची. मला मरायचं होतं आणि ही मला मरू देईना. तिची ती आशा मला विस्तवासारखी पोळायची, खरं सांगते.

एका रविवारी दुपारी मागच्या पडवीत आवाज झाला. वाटलं, कोणाशी तरी भांडते. भिंतीला धरून जाऊन बघते तर एकटीच. भिंतीवरच्या खुरसाकडे, त्या क्रुसाकडे बघून ओरडत होती, देवाने दिलेल्या शब्दाचा जाब विचारत होती. सायबा, तुवें उतर दिलां न्हय? मागीर म्हाका इतलें कित्याक दुखता? हांव तुका सोडचें ना, आयकता? आणि उमेशचा शर्ट तोंडावर दाबून रडली, अशी रडली की मला बघवेना. माझ्यासमोर ती कधी रडली नव्हती, का, तर दोघीही खाटेला लागल्या तर पेज कोण शिजवणार. आणि मी समजत होते, हिला फुकट आशा मिळालीय. ती तर रोज देवाशी भांडून मिळवत होती. मला काय झालं कोण जाणे, दारातूनच म्हटलं, बोब मार गो, आनी मोठ्यान मार, त्याका आयकूं दी.

ती दचकली. मी खाली बसले तिच्याजवळ. विचारलं, थंय सर्गार उमेश म्हाका वळखतलो? हांव किरिस्तांव न्हय. तिने शर्टाची घडी घातली. मग म्हणाली, म्हाका खबर ना आई. पूण जो आईक आनी तिच्या पुताक मेळूंक दिना, तसलो देव म्हजो न्हय.

त्या दिवशी पेज प्याले.

अजूनही आमचं जमतं असं समजू नका. मी गावच्या देवीला, सातेरीला नारळ ठेवते, ती इगर्जीत, तिच्या चर्चात जाते, येताना पाव आणते, मी म्हणते शिळे आहेत, आणि दोन खाते. तिच्या देवाला मी हात जोडत नाय. माझा उमेश का नेला, ते माझ्या देवाने सांगितलं नाय आणि तिच्याही नाय, तो राग मी सोबत घेऊन जाणार. पण एक मागते, कोणापाशी ते विचारू नका. राखेला कोण उठवणार म्हणाले, त्यात मला खोटी ठरव म्हणते. माझ्या पोरीचं खरं होवो.