ती पिशवी माझी होती

शांतवन पाटोळे, निवृत्त एसी मेकॅनिक, यांनी सांगितलेलं
शब्दांकन : रूथ साळवे

मूळ गाव आमचं श्रीरामपूरच्या पलीकडं, गोदावरीच्या काठाला, आणि बाप माझा सुवार्तिक होता, पगारी नव्हे, मनानं, म्हणजे आठवड्याचे बाकीचे दिवस दुसऱ्याच्या शेतात राबायचा आणि बाजारच्या दिवशी काळा कोट घालून बाजारात जायचा. तिथं मिरच्यांच्या पोत्यांजवळ उभा राहून तो येशूची गोष्ट गाऊन सांगायचा, लोक हसायचे, आणि एकदा कुणी शेण फेकलं ते नेमकं कोटावर बसलं. आई धुवायला निघाली तर म्हणाला राहू दे, हे माझं पदक आहे. तो डाग मी लहानपणभर खुंटीवर लटकलेला पाहिला, रूथताई, आणि माझ्या डोक्यात पक्कं बसलं की ज्याच्यावर शेण पडत नाही त्याची सुवार्ता खरी नाही. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्या डागातून निघालं.

तुम्हाला आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी पाठवलं ते मंडळीच्या स्मरणिकेसाठी माझी साक्ष, म्हणजे प्रभूनं माझ्यासाठी काय केलं ते, लिहून घ्यायला. ती साक्ष तर सगळ्यांना पाठ आहे, की मॉर्मन लोकांनी शांतवनला पोलिसांच्या हवाली केलं आणि प्रभूनं त्याला सोडवलं. दर वर्षी कुणीतरी म्हणतं, पाटोळेकाका, ती साक्ष सांगा, आणि मी उभा राहतो. आता ती छापायची म्हणतात, दोन पानं राखून ठेवलीत. ती छापून येऊ नये म्हणूनच मी तुम्हाला लवकर या म्हणालो, उन्हाळ्यात मी कायमचा गावी चाललो, मग कोण सांगणार. चहा घ्या आधी. चहावरूनच सुरू होतं ते.

कुवेतला आलो तेव्हापासून मी राई नावाच्या भागातल्या एकाच गॅरेजात, गाड्यांचे एसी दुरुस्त करायला. बाहेर बोनेटवर भाकरी भाजावी असं ऊन आणि मी दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या गार करतोय. शेजारी स्पेअर पार्टचं दुकान होतं, त्याच्या काउंटरवर सॅम्युएल, राजमुंद्रीकडचा तेलुगू माणूस, आमचं बोलणं हिंदीत. दहाला सगळी माणसं चहा प्यायची आणि हा एकटा गरम पाण्यात लिंबू पिळायचा. मी म्हटलं काय रे, पोट बिघडलं का, तर म्हणाला नाही भाई, आमच्यात चहा-कॉफी घेत नाहीत, मी मॉर्मन आहे. मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. पाळकसाहेबांना विचारलं, तेव्हाचे पाळक, ते म्हणाले येशूचं नाव घेतात पण पवित्र शास्त्राच्या जोडीला आणखी एक ग्रंथ मानतात, आपलं त्यांचं जमत नाही, तू तुझं काम कर.

झालं, मला माझा बाजार सापडला. इथं मुसलमानाला आपला धर्म सांगायला मनाई, इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, रद्द करून घरी पाठवतात, ते मला ठाऊक होतं. पण हे तर येशूचंच नाव घेणारे, यांना सांगितलं तर कोण अडवणार, असं मी आपल्याच मनाशी ठरवून टाकलं. जणू रस्त्यानं जाणाऱ्या पोलिसाला कळणार होतं की हा कागद कुणासाठी आहे.

रोज दहाला मी सॅम्युएलच्या मागे लागायचो. चहा सोडून स्वर्ग मिळत असता तर आमच्या गावच्या म्हशी आधी पोचल्या असत्या, असं म्हणायचो. तो लिंबू पिळत म्हणायचा, शांतवनभाई, चहा सोडणं सोपं गेलं, तुमची बडबड काही सुटत नाही.

त्यांची उपासना शुक्रवारी, सालमिया भागात एका व्हिलाच्या तळघरात, इथं सरदाब म्हणतात त्याला. बाहेर पाटी नाही, खूण नाही, दार लोटलेलं. आपली उपासना सकाळी लवकर सुटली की मी, प्रकाश आणि येशुदास, मंडळीतलेच दोघं माझे मित्र, तिथं फूटपाथवर जाऊन उभे राहायचो. मी हिंदीत पत्रिका लिहिली होती, शास्त्राला पुरवणी कशाला, असं वर मोठ्या अक्षरात, आणि त्याच्या झेरॉक्स एका निळ्या कापडी पिशवीत. विरोध व्हायचा. तिथला इमारतीचा राखणदार, इथं हारिस म्हणतात त्याला, इजिप्तचा, यल्ला रूह, चालते व्हा म्हणायचा, एकदा झाडांना पाणी घालता घालता त्यानं पाइप आमच्यावर धरला, बूट भिजले आणि काय सांगू तुम्हाला, मला आनंद झाला. पाळकसाहेब रागावले, म्हणाले अरे आपल्याला भिंतीच्या आत परवानगी आहे, तुझ्यापायी ती जाईल. मला वाटलं हेही शेणच.

पण ज्यांच्यासाठी गेलो ते काही विरोध करेनात. पत्रिका घ्यायचे, नीट घडी करून खिशात ठेवायचे. एक फिलिपिनो म्हातारी पाण्याच्या बाटल्या आणून द्यायची, बाबांनो ऊन फार आहे म्हणायची. मला त्याचा राग यायचा. पाण्याची बाटली कुणी खुंटीला टांगतं का.

आणि एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. त्या सरदाबाची हवा बाहेर यायला फूटपाथलगत जाळी होती, मी तिच्याजवळ उभा राहायचो. आत गाणं सुरू झालं की ते जाळीतून वर यायचं, पायाखालून, जणू जमीनच गातेय, शब्द इंग्रजी, कळायचे नाहीत, पण एक चाल आमच्या गावच्या ख्रिस्ती देवळातली होती, बाप तीच चाल मराठीत म्हणायचा. मी डोळे मिटायचो आणि क्षणभर मिरच्यांचा वास यायचा. मग प्रकाश कोपरानं ढोसायचा, अरे पत्रिका वाट.

त्या शुक्रवारी धुळीचं वादळ येऊन गेलं होतं, आभाळ हळदीच्या पाण्यासारखं, गाड्या दिवे लावून सावकाश चाललेल्या, माणसं तोंडाला रुमाल लावून, सगळं पाण्याखाली असल्यासारखं. उपासना सुटायची वेळ. त्या पिवळ्या धुक्यातून पोलिसांची गाडी आली. कुणी फोन केला ते आजपर्यंत मला माहीत नाही. प्रकाश आणि येशुदास कुठं विरघळले ते दिसलंच नाही. मी उभा, हातात पिशवी. पोलीस उतरून विचारतो हे काय आहे, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना, बाजारात उभं राहण्याची एवढी हौस होती मला.

तेवढ्यात सॅम्युएल दारातून आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात टाय. त्यानं माझ्या हातातली पिशवी अलगद काढून घेतली, बाजारातून आलेल्याच्या हातातली घेतात तशी, आणि पोलिसाला म्हणाला, ही माझी आहे, हा माणूस आमचा पाहुणा. पोलिसानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. रूथताई, होय म्हणून मान हलवली मी. त्याला गाडीत बसवून नेलं, आणि मी टॅक्सी करून घरी आलो. बायकोनं, मार्थानं, विचारलं पिशवी कुठं आहे, मी म्हटलं हरवली.

त्याला संध्याकाळी सोडलं, पण त्याच्या मालकाला कळलं होतं, मालक म्हणाला भानगड नको, महिनाभरात त्याचा इकामा रद्द, परत भारतात. पुढल्या शुक्रवारी मी आपल्या उपासनेला गेलो तर प्रकाशनं आधीच सगळ्यांना सांगितलेलं, मॉर्मनांनी पोलीस बोलावले, शांतवनला धरलं. तो पळाला होता, त्यालाही काहीतरी सांगायला हवंच होतं. पाळकसाहेब म्हणाले भाऊ, साक्ष द्या. मी उभा राहिलो. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. मला बापाचा कोट दिसला. मी एवढंच म्हणालो, प्रभूनं सोडवलं. खोटं नव्हतं ते, आणि त्याच्यासारखं खोटं दुसरं नव्हतं. पुढं दर वर्षी त्यात भर पडली, हातकड्या आल्या, अंधारी खोली आली. आपल्यातल्या एका घरानं त्या साक्षीमुळं मॉर्मन शेजाऱ्याशी बोलणं टाकलं, मला अभिमानानं येऊन सांगितलं, मी म्हणालो बरं केलंत.

जायच्या आधी सॅम्युएल गॅरेजात आला. मी एका गाडीच्या डॅशबोर्डखाली उताणा, मला त्याचे नुसते बूट दिसत होते. तो वाकून म्हणाला, शांतवनभाई, तुमची पिशवी त्यांनी परत दिली नाही, राग मानू नका. मी आतूनच म्हटलं, ठीक आहे. बूट थोडा वेळ थांबले, मग गेले. मी बाहेर आलो तेव्हा शेजारी दुकानाच्या काउंटरवर त्याचा काचेचा पेला होता, तळाशी लिंबाची बी.

ते गाणं मात्र गेलं नाही. अजून झोपेत पायाखालून येतं, मी वाकून जाळीतून बघतो तर आत बाप त्या लोकांबरोबर बसलेला, कोट घातलेला, कोटावर डाग नाही. परवा मुलाला म्हटलं मला सालमियाला सोड. नातू गाडीत विचारतो, आजोबा, व्हाय हिअर? त्या व्हिलात आता ब्यूटी पार्लर आहे. जाळी तिथंच आहे. चप्पल काढून उभा राहिलो, फरशी पोळत होती, खालून नुसती गरम हवा.

पाळकसाहेबांना मी येत्या शुक्रवारची दहा मिनिटं मागितली आहेत. काय सांगणार विचारलं, म्हटलं तीच साक्ष, पण झाली तशी. ते म्हणाले काका, लोकांची श्रद्धा डळमळेल. म्हटलं माझ्यावरची डळमळली तर बरंच होईल. कुणी उठून जाईल, कुणी बोलेल, ते माझ्या वाटणीचं आहे, बापासारखं मी ते धुणार नाही. स्मरणिकेत हे घेतलं नाही तरी चालेल, पण ती जुनी साक्ष घेऊ नका, एवढं तुम्ही मला वचन द्या.

आणि घेतलंत तर त्याचं नाव घाला. सॅम्युएल, राजमुंद्रीकडचा. आडनाव विचारता? दोन वर्षं रोज दहाला मी त्याला तारणाचा मार्ग सांगितला, आडनाव कधी विचारलं नाही. म्हणून तर शोधूनही सापडला नाही. प्रभूला आडनाव लागत नसेल. तो असेल तिथं त्याला सुखात ठेवो, आणि तुमच्या लिहित्या हातालाही. घ्या, चहा गार झाला तुमचा.