जवाएवढी जागा

या, पुढं सरका, आणि एक खरं सांगा मंडळी! आपण कुणासाठी काही केलं, तर ते सांगावं की पोटात ठेवावं? आत्ताच मी पाणी प्यायलो. पेल्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं! पाणी देवाचं, तहान माझी, आणि पेला तात्यांचा. हसू नका, तात्या पुढंच बसलेत.

तर ऐका. कोपरगावकडच्या वेणूताई. धाकटी जाऊ सिंधू आजारी पडली, दोन वर्षं दवाखान्यात. तेव्हा तिचं तान्हं पोर, मकरंद, वेणूताईंनी पोटच्यासारखं वाढवलं. पुण्याचं काम की नाही? पण बाईची जीभ! हळदीकुंकू असो, बारसं असो, विषय तोच. आणि मकरंदाच्या लग्नात, व्याह्यांच्या भर पंगतीत म्हणाल्या, "याची दुपटी मी धुतलीत बरं का, हिनं नाही."

झालं! त्या दिवसापासून सिंधूनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. घर एक, चूल एक, पण शब्द नाही. वेणूताईंना ते आतून खात होतं. सिंधूनं एकदा तरी "अक्का" म्हणावं, एवढाच जीवाला ध्यास. पण आधी बोलायचं कुणी? थोरलेपणा आडवा येतो ना!

अशा या दोघी यात्रेच्या बसनं मनालीला गेल्या. तिथला बाजार काय सांगू! शाल घ्या, सफरचंद घ्या, ससा मांडीवर घेऊन फोटो काढा — तो बिचारा ससा सकाळपासून चाळीस मांड्या फिरलेला! त्या गर्दीत वेणूताईंना एका दाराआड बुद्धाचं देऊळ दिसलं. देऊळ दिसलं की आपल्या माणसाच्या पायातली चप्पल आपोआप निघते. सगळ्या बायका आत.

आत कसं शांत! एक लामा पोथी वाचतोय, दुसरा म्हातारा दिवे पुसतोय. ज्याचं त्याचं काम चाललेलं. रांग नाही, "पुढं चला, पुढं चला" नाही. मूर्तीपुढं पितळी वाट्यांची ओळ, पाण्यानं भरलेली.

वेणूताईंना काय वाटलं असेल? तीर्थ! उचलली वाटी, घेतलं पाणी, हात डोक्यावरून फिरवला. एवढ्यावर थांबतील तर त्या वेणूताई कसल्या? लागल्या वाटायला! सगळ्यांना झालं, शेवटी एक हात पुढं आला — सिंधूचा. तीर्थाला नाही कोण म्हणेल? वेणूताईंनी तिच्या हातावर पाणी घातलं, पण नजर वर गेली नाही.

वाट्या रिकाम्या! म्हातारा लामा उठून आला, बघितलं, आणि हसला. मोडक्या हिंदीत म्हणाला, हे प्यायचं नसतं, बुद्धाला वाहिलेलं असतं. वेणूताईंचा चेहरा एवढासा झाला. लामानं झारी त्यांच्याच हातात दिली. त्यांनी वाटी भरली ती आपल्या रीतीनं, काठोकाठ. लामानं मान हलवली.

"वर जवाएवढी जागा सोडायची."

वेणूताईंनी विचारलं, संध्याकाळी या पाण्याचं काय करता? तो म्हणाला, झाडाला ओततो, वाटी पुसून उपडी ठेवतो.

"मग वाहिल्याचं राहिलं काय?"

"काही नाही. म्हणून तर उद्या परत वाहता येतं."

वेणूताईंनी तशी जागा सोडून सगळ्या वाट्या भरल्या. मग बसमध्ये आल्या त्या थेट सिंधूशेजारी बसल्या. म्हणाल्या, "सिंधू, मकरंदाचं केलं ते केलं. आता माझ्या तोंडून पुन्हा निघायचं नाही."

सिंधू खिडकीबाहेर बघत होती. बस सुटली, बाजार मागं पडला, तेव्हा ती बोलली.

"अक्का, तुम्ही नसता तर माझं पोर वाचलं नसतं. हे मला त्या पंगतीत उभं राहून सांगायचं होतं. उठणारच होते, तेवढ्यात तुम्हीच बोललात."

मंडळी, वेणूताईंना रडू आवरेना. जे ऐकायला जन्मभर कान आसुसले होते, ते दुसरीच्या ओठावर आलेलं त्यांनी स्वतःच्या जिभेनं परत लोटलं होतं!

आता तुम्ही. सुनेसाठी करा, भावासाठी करा, भरभरून करा. पण समोरच्याला बोलायला जवाएवढी जागा सोडता का? आणि तात्या, तो पेला राहू द्या तसाच. पुढचा मात्र कोरा आणा. पाणी पिऊन झालं की आम्हीच विचारू, "कुणी दिला हो?"

घ्या टाळ हातात. आता नाव घेऊ ते एकट्या देवाचं.