पेटीत न मावणारी भेट

चार रात्री डोळ्याला डोळा नाही, आणि कारण काय, तर एक पेटी... तुम्हाला सांगते, पलंगाशेजारची आमची लोखंडी पेटी, चपलांच्या खोक्याएवढी, बोटाचा ठसा घेतल्याशिवाय न उघडणारी. तिच्यात माझ्या नवऱ्याचं, डाल्टनचं पिस्तूल. अमेरिकेत, आमच्या आयडाहोत घरोघरी असतं, आणि पेटी बंद म्हणजे मी निवांत. पण आता ते पेटीत मावत नाही.

चूक कुणाची? माझीच. सासऱ्यांच्या शेतावर मला नेम धरायला उभी केली, तर हात असे लटलटले की निशाणाचा कागद राहिला बाजूला, मी त्यांच्या पाण्याच्या टाकीला भोक पाडलं. "चोरांना हिची भीती नाही, आपल्यालाच आहे," म्हणाले सासरे, आणि नवऱ्याने ते मनाला लावून घेतलं. वाढदिवसाला मी भांडी धुण्याचं यंत्र मागितलं होतं हो... आलं काय, तर काळा सांगाडा. मागे खांद्याला टेकवायचा दांडा, पुढे धरायला मूठ. पिस्तूल त्यात बसवलं, खट्ट, झाली छोटी बंदूक. "खांद्याला टेकलं की हात हलत नाही गं. तुझ्यासाठीच आणलंय." यावर बाईने काय बोलावं? मी म्हटलं, छान आहे. मी नेहमीच छान आहे म्हणते, लग्नही तसंच ठरलं.

आणि सगळं कायद्याने हं. असा दांडा लावायचा तर आधी सरकारला विचारावं लागतं. अर्ज, फोटो, दहाही बोटांचे ठसे... मंजुरी येईस्तोवर त्याने सांगाडा मागवलासुद्धा नाही, इतका सज्जन. सरकारने सगळं विचारलं, फक्त ठेवणार कुठे, ते नाही. आणि पेटीत तर मावत नाही.

"मग दांडा रोज काढून ठेव की," मी म्हटलं.

"रोज काढ-घाल करायची तर वेळेला उपयोग काय? नाताळात मोठी तिजोरी आणू." तोवर कपाटाची वरची फळी, रजयांच्या मागे. तिथेच हा पुदिन्याच्या कुकीज लपवतो आणि समजतो, कुणाला पत्ता नाही. "तिथे कोण पोचतंय? तूसुद्धा पोचत नाहीस."

तर आज शेल्बीचा फोन. आमची टेसा पाच वर्षांची, वर्षभर वर्गात कुणाशी बोलली नाही, आता कुठे एक मैत्रीण मिळाली, ती ह्या शेल्बीची मुलगी, शनिवारी खेळायला येणार. इथे कुणाच्या घरी मूल पाठवण्याआधी आया दोन गोष्टी विचारतात: कुत्रा चावतो का, आणि बंदूक कुलपात आहे का. "वाईट नको वाटून घेऊस हं, मी सगळ्यांनाच विचारते," शेल्बी म्हणाली, "तुमची कुलपात असते ना?"

आठवड्यापूर्वी विचारलं असतं तर मी न अडखळता सांगितलं असतं, हो, पेटीत. आता? खोटं बोलावं तर दुसऱ्याच्या लेकराचा जीव, खरं बोलावं तर माझ्या लेकराची एकुलती मैत्रीण... आणि पेटीत मावत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू? मी म्हटलं, "अगं, उंचावर आहे, खूपच उंचावर. टेसाला तर ठाऊकही नाही कुठे आहे ते."

टेसा समोरच बसून मॅकरोनी खात होती. मान वर न करता म्हणाली, "ठाऊक आहे मला, रजयांच्या मागे. पण आई, काकूला सांग, कुकीज आता दोनच उरल्यात."