पोटलीचा शेक

मी तापीकाठची, सारंगखेड्याच्या पलीकडची. पण बापाला शेती नव्हती, आम्ही मजूर माणसं, म्हणून लग्नानंतर नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर लागली. मोकळ्या मैदानात लाल मिरची वाळत घातलेली असते आणि आम्ही बाया रांगेत बसून देठ खुडतो. काय सांगू ताई तुम्हाला, हाताची आग आग होते, नव्या बाया रडतात, मी नाही रडली कधी, मन्हा उजवा हात नुसता पळायचा. तोंडही तसंच, खोटं कशाला बोलू, शिव्या द्यायला मला कारण लागायचं नाही.

तर तिथेच बसल्या बसल्या मिरची हातातून गळली, उचलायला गेली तर हात हलेना, शेजारणीला हाक मारायला गेली तर तोंडातून निघालं काय, मढं निंघो तुन्हं. ती आधी भडकली, मग तिने माझं वाकडं तोंड पाहिलं. लकवा. उजवं अंग गेलं. दवाखान्यात डॉक्टर बोलले, डोक्यातली रक्ताची नळी बंद पडली, पण वाचेल. वाचली मी, पण बोलणं गेलं, तेवढी एक शिवी राहिली. पाणी पाहिजे, मढं निंघो. आमचे हे समोर आले, जीव भरून आला, गोड काही बोलावं वाटलं, तरी मढं निंघो. हसा ताई, मलाही हसू येतं.

दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक पोरगी होती, देव तिचं भलं करो. हलक्या हाताने तेल लावायची, एकेक बोट वाकवायची. कानबाईच्या सणाला मीच गाणी उचलायची हे तिला ह्यांनी सांगितलं, तर तिने तसलं गाणं फोनवर लावलं, आणि माय वं, गाण्यात माझे शब्द धड निघाले. ती बोलली, आता असंच गाता गाता बोलणं परत आणू. आणि एक दिवस अंगठ्याजवळचं बोट हललं! तिने ह्यांना परत परत बजावलं, या हाताला कळत नाही, गरम काही लावू नका.

ह्यांनी मान हलवली. घरी आल्यावर शेजारी बोलले, एवढंसं बोट हलून काय होतं, अक्कलकुव्याच्या पुढे रस्त्याला एक बाबा आहे, लकवा काढतो. नेलं मला. पत्र्याची शेड, दारात जीपा. बाबाने मीठ आणि राई तापवून फडक्यात बांधली, पोटली माझ्या उजव्या हातात दिली, ह्यांना बोलला, हिची मूठ आवळून धर, सोडू नको. डावा हात त्याच्या माणसाने धरलेला. हाताला काही कळत नव्हतं, पण डोळे होते ना मला, नाक होतं. कातडी पांढरी पडली, वास आला, मी ओरडली, आणि मी काय ओरडणार, मढं निंघो, मढं निंघो. बाबा खूश. बोलला, ही नाही बोलत, लकवा बोलतोय, निघतोय तो, आवळ अजून. आणि ह्यांच्या डोळ्यात पाणी, बोलतात, दम धर, गुण यी ऱ्हायना, येतोय बघ गुण, आणि अजून जोरात आवळतात. मारायला धरलं असतं तर मला कमी लागलं असतं.

हात पिकला. दवाखान्यात बोट काढावं लागलं, तेच, हलणारं. बाकीची अशी आकसून बसली, हे पाहा. बोलणं मात्र त्या पोरीने माझ्याकडून गाऊन गाऊन परत आणलं.

आता खरी गंमत ऐका. तो बाबा सगळ्यांना सांगतो, नंदुरबारची ती मिरचीवाली मुकी होती, मी बोलती केली, जाऊन पाहून या. लोक येतात. आमचे हे चहा ठेवतात आणि बोलतात, हो, बाबानीच वाचा दिन्ही. नाही बोलले तर मूठ कोणी आवळली ते कबूल करावं लागेल ना. मी बाबाला शिव्या देते, हात दाखवते, रडते. लोक हाताकडे बघत नाहीत, तोंडाकडे बघतात.

परवा एक बाई नवऱ्याला जीपमध्ये घालून आली. तो बसल्या जागी बोटं उघडत होता, मिटत होता, थोडीच, पण हलत होती. मी त्या बाईचे पाय धरले, बोलली, जाऊ नको माय, याला दवाखान्यात ने, याचा हात येतोय. सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसंच. तिने नीट ऐकलं, आणि नवऱ्याला बोलली, देखा ना, कशी घडाघडा बोली ऱ्हायनी. मग माझ्या पाया पडली, बोलली, माय, आशीर्वाद दे, यासनं बी तुन्हासारखंच होऊ दे. डावा हात ठेवला तिच्या डोक्यावर, काय करणार. जीप अक्कलकुव्याच्या रस्त्याला लागली.